रॉड लांब केला की पॉवर वाढते का?

आजच्या भागाची सुरुवात एका सल्ल्यापासून.

"रॉड लांब टाक, गाडी उडेल बघ!"

कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये माझ्या मित्राला त्याच्या जुन्या राजदूत ३५० साठी हा सल्ला मिळाला. मित्राने ऐकलं. क्रँक उघडला, ५ मिलिमीटर लांब कनेक्टिंग रॉड बसवले, सिलिंडरखाली लेथवर बनवून घेतलेली ५ मिलिमीटरची पट्टी टाकली. दोन महिन्यांचा पगार गेला. गाडी काही उडाली नाही. उलट खालच्या गिअरला जरा मरगळच आली.

सल्ला देणारा माणूस खोटारडा नव्हता, त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. मला प्रश्न पडला, की मग हे खरं कुठे असतं? शोधत शोधत मी पोहोचलो अमेरिकेतल्या तळ्यांवर, आउटबोर्ड बोटींच्या शर्यतीत.

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकवलेलं इंजिन. कोकणात छोट्या मच्छीमार होड्यांना पाहिलं असेल तुम्ही. अमेरिकेत १९३९ साली कार्ल कीकहेफर नावाच्या माणसाने विस्कॉन्सिन राज्यात एक बंद पडायला आलेला आउटबोर्डचा कारखाना घेतला आणि त्यातून मर्क्युरी हे नाव जन्माला आलं. १९४७ मध्ये त्याने 'लाइटनिंग' नावाचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन काढलं. कागदावर १० हॉर्सपॉवर, पण पाण्यावर त्याहून मोठ्या इंजिनांना भारी. त्याच मापाचं पुढे मार्क २० आलं, १६ हॉर्सपॉवरचं, आणि त्याची रेसिंगची आवृत्ती, मार्क २० एच. क्षमता साधारण ३२५ सीसी.

आता एक गंमत सांगतो. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जितका फिरतो ते अंतर, २ पूर्णांक १/८ इंच. मिलिमीटरमध्ये ५४. आणि आपल्या राजदूत ३५० चा स्ट्रोक? तोही ५४. म्हणजे मित्राच्या गॅरेजमधला प्रश्न आणि त्या तळ्यावरचा प्रश्न, अक्षरशः एकाच मापाचा!

तिकडे शर्यतींचे वर्ग असायचे. 'स्टॉक' वर्गात इंजिन कारखान्यातून आलं तसंच हवं. शर्यत संपली की तपासनीस ते उघडून मापं घेणार. ज्यांचे हात शिवशिवायचे त्यांच्यासाठी 'मॉडिफाइड' वर्ग. तिथे पोर्ट घासा, पिस्टन बदला, रॉड बदला. आणि इथेच लांब रॉडचा मोह सुरू होतो.

पण रॉड लांब केला की पिस्टन तितकाच वर येणार. मग एक तर सिलिंडर उचलायचा, नाही तर गजन पिन डोक्याच्या जवळ असलेला पिस्टन शोधायचा. मर्क्युरीच्या त्या इंजिनांत सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात होते. पिस्टन जास्त वर गेला तर थेट छताला टक्कर. आणि एकदा धातू कापला की तो परत चिकटवता येत नाही. शिवाय चालवणारा बोटीत गुडघ्यांवर बसलेला, इंजिन त्याच्या पाठीमागे. भर वेगात रॉड तुटला, इंजिन जाम झालं, तर काय होईल ते सांगायला नको.

एवढी जोखीम घेऊन मिळतं काय? चला, हिशोब करू. फोनवरचा कॅल्क्युलेटर काढा हवं तर.

स्ट्रोक ५४. रॉड ११० वरून ११५ मिलिमीटर केला. क्रँक वरच्या टोकापासून ९० अंश फिरला तेव्हा पिस्टन किती खाली आला? ११० च्या रॉडने ३०.३७ मिलिमीटर. ११५ च्या रॉडने ३०.२१. फरक सुमारे ०.१५ मिलिमीटर! एक्झॉस्ट पोर्ट तिथे उघडत असेल तर तो जेमतेम एक-तृतीयांश अंश उशिरा उघडेल. बस्स.

रॉड जास्तीत जास्त तिरका होतो तो १४.२ अंशांऐवजी १३.६ अंश. म्हणजे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर जो रेटा देतो तो साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी. हा खरा फायदा, घासणं कमी. पण यातून गाडी उडत नाही.

बरं, रॉडवरचा ताण? वरच्या टोकाला पिस्टनला जो झटका बसतो तो लांब रॉडने एक टक्कासुद्धा कमी होत नाही. त्याउलट आरपीएम ६,००० वरून ७,००० केले की तोच झटका ३६ टक्क्यांनी वाढतो. ७,००० वर पिस्टनला गुरुत्वाकर्षणाच्या १,८०० पटींहून जास्त जोराने मागे खेचावं लागतं. रॉड मोडतो तो मुख्यतः तिथे. त्याच्या लांबीत त्यावर उपाय नाही.

मग लांब रॉडचं कौतुक निव्वळ अफवा? नाही. इथेच खरा इतिहास आहे.

सिलिंडरखाली ५ मिलिमीटरची पट्टी टाकली की आणखी एक गोष्ट होते. क्रँककेसमधली जागा वाढते. मार्क २० च्या मापात, एका सिलिंडरमागे १५ सीसी. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि पिस्टन खाली येताना ते दाबून वर ढकलतो. जागा मोठी झाली तर दाब कमी. म्हणून जुने मेकॅनिक क्रँककेसमधल्या रिकाम्या जागा भरून काढायचे, जागा लहान तितकं बरं असं मानून. साध्या एक्झॉस्टच्या काळात त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

मग पाइप बदलला. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत, झोपाऊ इथल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरने एक्स्पान्शन चेंबरवर चिकाटीने काम केलं. म्हणजे तो मधे फुगलेला, शेवटी निमुळता पाइप. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ हॉर्सपॉवर गाठले होते. त्याच वर्षी त्याचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. ती विद्या मग जगभर पसरली, रेसिंगच्या बोटींवरही आली. बर्लिनच्या कोनिग कंपनीचं चार सिलिंडरचं बोटीचं इंजिन तर उलट रस्त्यावर आलं. न्यूझीलंडचा किम न्यूकम त्या इंजिनाच्या मोटरसायकलवर १९७३ च्या ५०० सीसी विश्वस्पर्धेत दुसरा आला. पण तो निकाल बघायला तो नव्हता. हंगाम संपण्याआधीच सिल्व्हरस्टोनच्या अपघातात तो गेला.

या पाइपने नेमकं काय केलं? त्यातून परतणारी पहिली लाट सिलिंडरमधून ओढ लावते आणि ती ओढ थेट क्रँककेसपर्यंत पोहोचते. आता मिश्रण फक्त ढकललं जात नाही, ओढलंही जातं. ओढायचं असेल तर मागे साठा मोठा हवा. टाकी मोठी, तर पाणी जास्त! म्हणजे काल जी १५ सीसी जागा तोटा होती, ती आज फायदा झाली. या वाटेच्या शेवटी ॲप्रिलियाचं आरएसए १२५ उभं आहे. डच इंजिनिअर यान थील याने त्यावर काम केलं. स्ट्रोक ५४.५, जवळपास तोच! रॉड मात्र १२० मिलिमीटर, आणि १२५ सीसीतून ५० च्या वर हॉर्सपॉवर.

तर मंडळी, एकाच स्ट्रोकची तीन इंजिनं. रॉडची तीच युक्ती एका काळात चुकीची आणि दुसऱ्या काळात बरोबर, कारण दुसऱ्या टोकाला लटकलेला पाइप बदलला होता. मित्राने रॉड बदलला, सायलेन्सर मात्र कंपनीचाच ठेवला. मोठी टाकी बसवली, पण ओढायला पंपच नव्हता. हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे आधी सांगायचं ना रे!"

आधी मला तरी कुठे ठाऊक होतं? म्हणून हा भाग. कुणी तुम्हाला "अमुक टाक, पॉवर वाढेल" म्हटलं, तर एवढंच विचारा, "कशामुळे? आणि सोबत आणखी काय बदलायला लागेल?" उत्तर मिळालं तर पाना उचला. नाही मिळालं तर पैसे खिशातच राहू द्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत हेल्मेट घाला, सावकाश चालवा.