लाल पुढे, निळा मागे

१९०७ चा आषाढ. मळवलीच्या रवि वर्मा प्रेसमध्ये तुम्ही शिरता तेव्हा भरदुपारी दिवेलागणीचा अंधार आहे. मावळातला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आत जवसाच्या तेलाचा वास, भिंतीला टेकवलेले छपाईचे जड दगड. एका रंगाला एक दगड, म्हणून लक्ष्मीचं एक चित्र पुरं व्हायला कागदाला किती फेऱ्या! मालक आता श्लायखर आहेत. रवि वर्मांनी प्रेस केव्हाच विकला.

रद्दीतला एक तुकडा उचला. गडद निळ्यावर लाल ठिपका. खिडकीपासून लांब उभे राहा आणि तो भरभर डावी-उजवीकडे हलवा. ठिपका निळ्यावरून घसरतो! बोटानं चाचपा, शाई वाळलेली आहे. पुन्हा हलवा, पुन्हा घसरतो.

"पाव्हणं, पावसाळ्यात कागद फुगतोय," दगड धुणारा गडी मान वर न करता म्हणतो, "रजिस्टर सरकनारच, रंगावर रंग बसायचा न्हाई."

त्याचं बरोबर आहे, पण हे ते नव्हे. दाराशी उजेडात या. ठिपका जागच्या जागी. अंधुक उजेडात निळा मुख्यतः डोळ्यातल्या दंडपेशी टिपतात, आणि त्या सुस्त. लालचं काम शंकूपेशींकडे, त्या चपळ. लालाची खबर आधी पोचते, निळ्याची मागून. मेंदूला वाटतं, लाल सुटून पुढे पळाला. एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं हा खेळ नोंदवला होता, पण मळवलीत त्याचं कुणाला काय!

रंग गतीच्या बाबतीत एरवीही कच्चाच. १९७८ मध्ये दृष्टीचे अभ्यासक रामचंद्रन आणि ग्रेगरी यांनी लाल-हिरव्या ठिपक्यांची चित्रं अशी जुळवली की दोन्ही रंग सारखेच उजळ दिसावेत. ठिपक्यांतून एरवी उडी मारताना दिसणारा आकार दिसेनासाच झाला. हालचाल ओळखायला डोळ्याला मुख्यतः उजेड-अंधाराचा फरक लागतो.

आता परत १९०७ मध्ये या. लोणावळ्यात मळवलीच्या याच प्रेससाठी फोटो-लिथोचं काम करणारे फाळके नावाचे गृहस्थ आहेत. रंगीत छपाई शिकायला ते १९०९ मध्ये जर्मनीला जातील. तुम्ही मात्र थेट ३ मे १९१३ ला, मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात, त्यांचा सिनेमा बघायला जाऊन बसा. रंगात हात मुरलेल्या याच माणसाच्या पडद्यावर रंगाचा थेंब नाही. अण्णा साळुंके तारामती होऊन चालतात, आणि लुगडं कोणत्या रंगाचं हे थिएटरात कुणी विचारत नाही.