वायंगणातल्या शेंगा

चतुर्थीच्या आगेमागे घाटावरच्या बाजारांत ओल्या शेंगांचे ढीग लागू लागतात. मृगाच्या पावसावर पेरलेला भुईमूग भाद्रपद-आश्विनात निघतो आणि घरोघरी पातेल्यांत मिठाच्या पाण्यात उकडायला पडतो. आम्हा मयेकरांचे गणित वेगळे. पेडणे-डिचोलीकडे आपल्या मातीत जो थोडाफार भुईमूग होतो तो भातकापणीनंतर पेरतात आणि फाल्गुन-चैत्रात, शिगम्याच्या दिवसांत, उपटतात. चवथीला आमच्या घरी ज्या शेंगा उकडतात त्या घाट उतरून आलेल्या असतात. शेंग एकच, पण तिचे हंगाम दोन. या फरकामागे पाऊस आहे, माती आहे आणि जमीन कुणाची हा प्रश्नही आहे. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मोठ्या इतिहासावर पुष्कळ लिहिले जाते. या वर्षी या लहान खाऊचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हाला वाटले.

पहिली गोष्ट म्हणजे भुईमूग आपला नाही. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत, आजच्या बोलिव्हियाचा दक्षिण भाग आणि अर्जेंटिनाचा वायव्य भाग, या पट्ट्यात आहे. पेरू देशातील सिपान येथे १९८७ मध्ये एका प्राचीन राजपुरुषाची कबर सापडली. तिच्यात सोन्याच्या आणि चांदीच्या शेंगा ओवलेला हार होता. ज्या लोकांनी शेंगेचा दागिना केला त्यांच्या ताटात तिचे स्थान काय असेल, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे मूग, उडीद, मसूर, चणा, कुळीथ ही शिंबी धान्ये जुन्या आयुर्वेदीय ग्रंथांत सापडतात, त्यांत भुईमूग नाही.

१५०० साली कॅब्राल या पोर्तुगीज सेनानीचे तारू ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले आणि तेच आरमार त्याच वर्षी पुढे कालिकतला पोहोचले. दहा वर्षांनी गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. त्यामुळे 'काजू, अननस आणि मिरचीप्रमाणे शेंगदाणाही पोर्तुगीजांनी गोव्यात आणला' असे आपण सहज म्हणतो. पण शब्द काय सांगतात ते पाहू. बटाटा, काजू, अननस, पपई, पाव हे पदार्थ आपल्याकडे आले ते आपली पोर्तुगीज नावे घेऊन. भुईमुगाला पोर्तुगीज भाषेत 'आमेंदोइं' म्हणतात. ब्राझीलच्या तुपी लोकांच्या 'मांदुबी' या शब्दावरून ते नाव आले. मराठीत त्याचा मागमूस नाही. आपण त्याला भुईतला मूग म्हटले, कारण फूल वर लागते आणि शेंग मातीत भरते.

शेजारच्या भाषा आणखी बोलक्या आहेत. तेलुगूत तो 'वेरुशनग', म्हणजे मुळाशी लागणारा चणा. मल्याळममध्ये 'कप्पलंडी', म्हणजे जहाजातून आलेली बी. तमिळनाडूच्या काही भागांत त्याला 'मनिला कोट्टै' म्हणतात, म्हणजे फिलिपिन्सच्या मनिलाहून आलेली बी. बंगालीत तो 'चिनाबादाम'. प्रत्येकाने नव्या पाहुण्याला आपल्या ओळखीच्या धान्याच्या किंवा तो ज्या वाटेने आला त्या वाटेच्या नावाने हाक मारली. मनिला आणि चीन ही नावे पूर्वेकडे बोट दाखवतात. म्हणजे ही शेंग हिंदुस्थानात एकाच दाराने शिरली नसावी. मिरचीनेही पोर्तुगीज नाव न घेता जुन्या मिऱ्याचे नाव घेतले, तेव्हा केवळ नावावरून शेवटचा निकाल देता येत नाही. तरी 'सगळे काही गोव्याच्या बंदरातून वर गेले' ही समजूत शेंगेच्या बाबतीत जपून वापरावी असे आम्हाला वाटते.

पिकाचा मोठा विस्तार तर फार नंतरचा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील मार्सेयच्या तेल आणि साबणाच्या कारखान्यांना तेलबिया हव्या होत्या. त्यासाठी पूर्व किनाऱ्यावरून, पाँडिचेरीकडून, शेंगदाणा जहाजे भरून जाऊ लागला. पुढे दख्खनमध्ये खानदेश, सोलापूर, सातारा, कोल्हापूर या भागांत तो चांगलाच रुजला. घाण्याचे तेल, भाजीतला कूट, चटणी, चिक्की असे त्याचे संसार वाढले. उपासाच्या ताटातही तो जाऊन बसला. हे नवल नाही का? खिचडीतला साबुदाणा ज्या टॅपिओकाच्या कंदापासून करतात तो अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची आणि कूटही अमेरिकेचा! उपासाला वर्ज्य धान्यांची यादी ठरली तेव्हा ही मंडळी इथे नव्हतीच, म्हणून ती यादीबाहेर राहिली असावीत. आज आजीबाई एकादशीला ज्या ताटाला सर्वांत सोवळे मानतात, त्यातले निम्मे पाहुणे समुद्रापलीकडचे आहेत.

आता उकडण्याकडे येऊ. शेंगा भाजण्याला वाळू लागते, तळण्याला तेल. उकडायला मात्र फक्त पाणी, मीठ आणि चूल. डिचोली भागातल्या घरांत ही रीत शेंगेच्या आधीपासून होती. फणसाच्या बिया, ज्यांना आमच्याकडे भिकणां म्हणतात, त्या आणि निरनिराळे कंद मिठाच्या पाण्यात उकडून खाण्याची सवय जुनीच. भांडे जुने होते, बी तेवढी नवी पडली. साता समुद्रापलीकडेही हेच घडले. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी अमेरिकेच्या दक्षिण भागात शेंगा उकडण्याची रीत नेली. तिथे शेंगेला 'गूबर' म्हणतात, तो शब्द काँगोकडच्या 'न्गूबा'वरून आला. साउथ कॅरोलिना राज्याने २००६ मध्ये उकडलेल्या शेंगांना राज्याचा अधिकृत खाऊ ठरवले. गुलामांच्या झोपडीतला खाऊ राज्याच्या कायद्यात जाऊन बसला.

शेंगेला चव येते ती मिठाने, आणि मिठाचा इतिहास आमच्या भागात तिखट आहे. पेडण्यातील आगरवाडा गावाच्या नावातच मिठागर आहे. गोव्याचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे आणि परतताना धान्य घेऊन येत असे. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला. त्याने गोव्यातील मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. उत्पादनावर बंधने आली, अनेक मिठागरे बंद पडली आणि आगरांवर जगणाऱ्यांचे हाल झाले. १८९२ मध्ये तो तह संपला, पण जुना व्यापार पूर्वीसारखा उभा राहिला नाही. तेरेखोलच्या पलीकडे, शिरोड्याला, मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तो याच किनाऱ्यावर. मूठभर मीठ पातेल्यात टाकताना हे आठवले तर बिघडत नाही.

मिठानंतर माती. आमच्या पंचायतीचे नावच मये-वायंगिणी. पावसाळी पिकाला आमच्याकडे सरद म्हणतात आणि नंतर झऱ्याच्या, तळ्याच्या पाण्यावर घेतलेल्या पिकाला वायंगण. वायंगिणी हे नाव ऐकले की ती शेतीच डोळ्यांसमोर येते. पावसाळ्यात आमची शेते पाण्याने तुंबलेली, त्यांत भातच व्हावे. भुईमुगाला भुसभुशीत, निचऱ्याची माती हवी, कारण फूल गळल्यावर त्याचा देठासारखा कोंब खाली वाकून मातीत शिरतो आणि तिथे शेंग धरतो. माती कडक असेल तर कोंब शिरत नाही, चिकट असेल तर उपटताना शेंगा आतच राहतात. म्हणून आमच्याकडे भुईमूग यायचा तो वायंगणातच, खेर जमिनीच्या रेताड वाफ्यांत. भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेल्या टीएजी-२४ सारख्या लवकर येणाऱ्या वाणांमुळे तर भातानंतरचे थोडे महिनेही पुरतात. शिवाय हे पीक मुळांवरच्या गाठींत हवेतील नत्र धरते. पुढच्या भाताला त्याचा उपयोग होतो.

पण वायंगण पिकवायला जमिनीवर भरवसा लागतो, आणि मयेत नेमका तोच नव्हता. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रांत पोर्तुगीजांनी १७८१ ते १७८८ या काळात आपल्या राज्याला जोडले. मये गावची बहुतेक जमीन पोर्तुगीज काउंटच्या घराण्याकडे होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, मालक निघून गेले आणि १९६४ च्या कायद्याने ही जमीन 'निर्वासितांची मालमत्ता' म्हणून सरकारी अभिरक्षकाकडे आली. बाकी गोव्यात कूळकायदा आला, पुढे कसेल त्याची जमीन झाली. मयेकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतात आणि बांधलेल्या घरातही मालक ठरेनात. आम्ही सरकारी कार्यालयात काम करणारी माणसे. एक-चौदाच्या उताऱ्यातल्या एका नावाचे मोल काय असते ते आम्ही रोज पाहतो. उताऱ्यावर नाव नाही म्हणजे कर्ज अवघड, घराची दुरुस्ती अवघड, विहीर खणायची तरी मनात शंका. दुसऱ्या पिकासाठी पाणी वळवायचे, बांध घालायचे, तर ते कुणाच्या जमिनीत?

मयेच्या लोकांनी यासाठी अनेक वर्षे लढा दिला. अखेर २०१४ मध्ये गोवा विधानसभेने अशा जुन्या पोर्तुगीज मालक्या आणि देणग्या रद्द करणारा कायदा केला आणि त्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले. मुक्तीनंतर त्रेपन्न वर्षांनी! दरम्यान डिचोली तालुक्यात खाणी वाढल्या, खाणींतला गाळ पावसाबरोबर शेतांत उतरला, झऱ्यांचे पाणी कमी झाले. मुले नोकरीला लागली. वायंगणाची कितीतरी शेते पडीक राहिली. कागद हाती आला तेव्हा नांगर धरणारे हात म्हातारे झाले होते. म्हणून आम्हाला वाटते की मयेतल्या शेंगांचा प्रश्न केवळ खाऊचा नाही. मिळालेली जमीन आपण कसणार की नुसती मोजून ठेवणार, हा तो प्रश्न आहे. अर्धा गुंठा वाफा, झऱ्याचे थोडे पाणी आणि पायलीभर बियाणे एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.

तोपर्यंत डिचोलीच्या आठवडी बाजारातून किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून शेंगा आणाव्यात आणि घरी उकडाव्यात. आमच्या घरातली रीत अशी. शेंगा ओल्या आणि जड पाहून घ्याव्यात. एक फोडून पाहावी. टरफलाची आतली बाजू काळसर दिसली तर दाणा भरला आहे, अगदी पांढरी असेल तर कोवळा आहे. तीन-चार पाण्यांनी चोळून धुवाव्यात, माती राहिली तर सगळे पातेले कचकचते. काळ्या पडलेल्या, बुरशीच्या शेंगा निर्दयपणे टाकाव्यात. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. उकडल्याने हे विष जात नाही, म्हणून निवड महत्त्वाची.

अर्धा किलो शेंगांना त्या बुडतील इतके, साधारण लिटरभर पाणी आणि दोन मोठे चमचे जाडे मीठ घ्यावे. कुकरमध्ये ओल्या शेंगांना तीन-चार शिट्या पुरतात. साध्या पातेल्यात झाकण ठेवून पाऊण ते एक तास लागतो. शेंगा तरंगतात, म्हणून वर एक ताटली दाबून ठेवावी. वाळलेल्या शेंगा असतील तर रात्रभर भिजवाव्यात आणि वेळ दीडपट धरावा. गुपित पुढे आहे. आच बंद केली की लगेच पाणी ओतून टाकू नये. पाणी निवताना मीठ टरफलातून आत शिरते, निदान अर्धा तास तरी शेंगा त्याच पाण्यात राहू द्याव्यात. दाणा वाटाण्यासारखा मऊ लागला पाहिजे. उकडलेल्या शेंगांत पाणी असल्याने त्या टिकत नाहीत. त्याच दिवशी संपवाव्यात, फार तर शीतकपाटात दोन-तीन दिवस ठेवाव्यात.

पौष्टिकतेचे म्हणाल तर वाळलेल्या दाण्यात सुमारे चौथा हिस्सा प्रथिने आणि जवळजवळ निम्मे तेल असते. उकडताना वरून तेल लागत नाही आणि दाणा पाणी पितो, त्यामुळे तळलेल्या दाण्यांपेक्षा त्या पोटाला हलक्या. पण आमच्या मते खरा फायदा दुसराच आहे. उकडलेली शेंग घाईत खाता येत नाही. ती सोलावी लागते, सोलताना हात गुंततात आणि तोंड बोलायला मोकळे राहते. घुमट आरती संपल्यावर, रात्रीच्या भजनाआधी, पडवीत चार माणसे परातीभोवती बसली की गावातल्या जमिनी, झरी, जुनी माणसे यांच्या गोष्टी आपोआप निघतात. मुलेही ऐकत बसतात. पुडीतला खाऊ प्रत्येकाला वेगवेगळ्या कोपऱ्यात नेऊन बसवतो, परात एकत्र बसवते.

आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या गावी स्थिरावली, आणि ही शेंगही तशीच परकी येऊन आपली झाली. तिने नाव बदलले, माती बदलली आणि शेवटी देवाच्या उपासातही जागा मिळवली. यंदा चवथीला एक परात जरूर मांडा, आणि ज्यांच्या हाती वायंगण आहे त्यांनी दिवाळीनंतर एखादा वाफा जरूर पेरा. पुढच्या शिगम्याला मयेच्या शेंगा मयेच्या पातेल्यात पडोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!