चकवा : मेंदूतल्या पाणंदींचा शोध

आमच्या हिंगोलीच्या भागात ओळखीच्या रानात माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येऊ लागला, की म्हणतात, त्याला चकवा लागला. त्यावरचा उपायही ठरलेला. जागच्या जागी बसायचं, चपला अदलाबदल करून घालायच्या आणि फटफटेपर्यंत हलायचं नाही. माझ्या वडिलांना चकवा लागला तो मात्र भर दुपारी, कयाधूच्या काठावर, घरापासून अर्ध्या कोसावर. त्यांनी सेनगाव तालुक्यातल्या गावांत तीस वर्षं टपाल वाटलेलं. अमावस्येच्या रात्रीही ओढा कुठे ओलांडायचा हे त्यांना विचारावं लागत नसे. मी शोधत गेलो तेव्हा ते एका चिंचेखाली शांत बसले होते. मला म्हणाले, "झाड आपलंच हाय. गाव कोणीकडं गेलं?"

चिंच ओळखली, नदी ओळखली, मला ओळखलं. हरवली होती ती फक्त दिशा. शहरातल्या एका डॉक्टरांनी "वय झालं की व्हायचंच" म्हणून आम्हाला चार मिनिटांत वाटेला लावलं. घरच्यांनी अंगारा आणला. मला दोन्ही पटलं नाही. वयानं जायचं तर सगळंच का गेलं नाही? झाड राहिलं आणि दिशा गेली, हे कसं?

मी मेंदूतज्ज्ञ नव्हे. माझं शिक्षण बेताचं. गेली वीस-बावीस वर्षं मी आमच्या भागातल्या जुन्या वाटा शोधतो. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं काढलेली असते. त्या रेषा घेऊन बांधाबांधानं हिंडायचं, एवढंच माझं संशोधन. पुढची तीन वर्षं मात्र मी शब्दकोश शेजारी ठेवून मेंदूवरचे शोधनिबंध वाचले. वैद्यकीय शिकणारी भाची अडलं तिथं हात देत होती. वाचता वाचता लक्षात आलं की हीसुद्धा वाटांचीच गोष्ट आहे. आणि या गोष्टीत वाटा आधी सापडल्या. त्यांवरून काय जातं ते पुष्कळ वर्षांनी कळलं.

1873 मध्ये इटलीत कामिल्लो गोल्जीनं चांदीच्या क्षारानं चेतापेशी रंगवायची रीत काढली. गंमत अशी, की त्या रंगानं शंभरातल्या दोन-चारच पेशी काळ्या होतात. म्हणूनच एकेक पेशी मुळांसकट वेगळी दिसते. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसतं काळं झुडूप दिसलं असतं. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालनं हीच रीत घेऊन हजारो चित्रं काढली. त्यात त्याला कानशिलाच्या आत, खालच्या अंगाला, तंतूंची एक जाड जुडी दिसली. एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाच्या पट्ट्यातून निघून, मधली भिंत छेदून, ती हिप्पोकॅम्पसमध्ये शिरत होती. हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा. आकारावरून हे नाव सोळाव्या शतकातच पडलं होतं. त्या जुडीला 'छेदून जाणारी वाट' अशा अर्थाचं नाव मिळालं. पण तिच्यावरून जातं काय? त्या काळी हा सगळा भाग वास घेण्याचा मेंदू मानला जाई. एन्टोरायनल या शब्दातलं 'रायनल'सुद्धा नाकावरूनच आलेलं आहे.

1937 मध्ये अमेरिकेत जेम्स पेपेझनं आणखी एक वाट मांडली, पण ती गोलाकार. हिप्पोकॅम्पसमधून निघायचं, मेंदूच्या तळाशी असलेल्या दोन छोट्या गाठींत यायचं, तिथून थॅलॅमसच्या पुढच्या भागात, पुढे मेंदूच्या मध्यरेषेलगतच्या पट्ट्यात आणि परत हिप्पोकॅम्पसमध्ये. पेपेझ म्हणाला, ही भावनांची वाट आहे. नकाशा बराचसा बरोबर होता. वरचं नाव चुकलं होतं. जुन्या नकाशांवर काम करणाऱ्याला याचं नवल वाटत नाही.

नाव दुरुस्त व्हायला 1971 उजाडलं. लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डॉस्ट्रोव्स्की यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींचे विद्युतसंकेत टिपले. एखादी पेशी उंदीर एका विशिष्ट जागी आला की चेते, एरवी गप्प. ही झाली जागेची पेशी. 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जेम्स रँकला शेजारच्याच भागात वेगळी पेशी सापडली. उंदीर कुठेही असो, डोकं एका ठरावीक दिशेला वळलं की ती चेते. आमच्याकडे वाट सांगताना डावं-उजवं म्हणत नाहीत. 'उगवतीच्या अंगाला वळ', 'मावळतीला धर' असं सांगतात. रँकच्या पेशी हीच भाषा बोलतात. फरक एवढाच, की त्यांची उगवती सूर्यावरून ठरत नाही, समोरच्या खुणांवरून ठरते. रँक, जेफ्री टाउबे आणि रॉबर्ट म्युलर यांचं यावरचं काम 1990 मध्ये छापून आलं. गोल पिंपात उंदीर सोडला होता आणि भिंतीवर पांढरा पुठ्ठा ही एकच खूण होती. उंदराच्या नकळत पुठ्ठा फिरवला, की पेशींची दिशाही जवळजवळ तेवढीच फिरे.

हे वाचताना मला औंढ्याचं देऊळ आठवलं. नामदेवांना कीर्तन करताना समोरून उठवलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि नागनाथाचं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, ही कथा आमच्याकडे लहान पोरंही सांगतात. नंदी मागे राहिला तो त्यामुळेच, असंही दाखवतात. कथेची शहानिशा हा माझा विषय नाही. पण मुख्य खूण फिरली की माणसाचं सगळं जगच फिरतं, ही जाण तिच्यात आहे.

जागेची पेशी सापडली, दिशेची सापडली. त्यांना जोडतं कोण? नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटानं 2002 मध्ये हिप्पोकॅम्पसच्या आतलीच वाट तोडून पाहिली. तरी पुढच्या पेशी जागा ओळखतच राहिल्या. म्हणजे निरोप दुसरीकडून, सरळ येत होता. दुसरी सरळ वाट कोणती? काहालनं काढून ठेवलेली. मेनो विटर या शरीररचनेच्या जाणकाराची मदत घेऊन त्यांनी एन्टोरायनल पट्ट्याचा नेमका कोपरा गाठला. 2005 मध्ये तिथं जाळीच्या पेशी सापडल्याचं जाहीर झालं. अशी एकच पेशी अनेक जागी चेतते आणि त्या जागा जोडल्या तर मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी उमटते. अंतर मोजायची ही जणू मेंदूची शंकुसाखळी. ओकीफ आणि मोझर दांपत्याला 2014 चं नोबेल मिळालं. मला मात्र टाउबेच्या प्रयोगशाळेतलं 2015 चं काम अधिक मोलाचं वाटतं. त्यांनी थॅलॅमसच्या पुढच्या भागातून येणारा दिशेचा निरोप बंद पाडला आणि एन्टोरायनल भागातली जाळी विस्कटली. होकायंत्र काढून घेतलं, नकाशा गेला. पेपेझनं भावनांची म्हणून काढलेल्या त्या वाटेच्या काही टप्प्यांवरून दिशेचे निरोपही ये-जा करत होते.

मग अण्णांची चिंच? एन्टोरायनल पट्ट्याचे दोन भाग आहेत. जाळीच्या पेशी आतल्या भागात. बाहेरच्या भागावर जेम्स नायरिम यांच्याबरोबर काम केलं ते सचिन देशमुख यांनी. ते पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. 2011 च्या त्यांच्या निबंधात या भागातल्या काही पेशी समोरच्या वस्तूंच्या अनुरोधानं चेतताना दिसतात. म्हणजे 'इथे काय आहे' हे एका वाटेनं येतं आणि 'मी कुठे आहे' हे दुसऱ्या. जपानमध्ये ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये तीन रुग्णांची हकिगत छापली होती. त्यांच्या मेंदूच्या मागच्या मध्यभागातल्या रेट्रोस्प्लेनियल पट्ट्याला उजवीकडे इजा झाली होती. त्यांना ओळखीच्या इमारती ओळखू येत; तिथून कोणत्या दिशेला जायचं ते कळत नसे. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. अण्णांचं वाक्य जपानी माणसांच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटलं.

अण्णांना तशी एका जागची इजा नव्हती. त्यांचं दुखणं हळूहळू वाढत गेलं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून अल्झायमर सांगितला. 1984 मध्ये, म्हणजे रँकला दिशेची पेशी दिसली त्याच वर्षी, ब्रॅडली हायमन, गॅरी व्हॅन होसेन आणि सहकाऱ्यांनी या आजारानं गेलेल्यांचे मेंदू तपासले होते. काहालची ती छेदून जाणारी वाट ज्या पेशींतून निघते, नेमक्या त्याच उद्ध्वस्त झाल्या होत्या. हिप्पोकॅम्पसमधून बाहेर पडायची वाटही तशीच. गाव जागेवर, दोन्ही रस्ते वाहून गेलेले. 1991 मध्ये ब्राक दांपत्यानं दाखवलं की या आजारात पेशींमध्ये साचणारी गुंतवळ मेंदूच्या सालीत पहिल्यांदा दिसते ती याच पट्ट्यात आणि त्याच्या कडेला. मीही पन्नाशी ओलांडली आहे. रानात वाट चुकली की आता मी आधी घड्याळ पाहतो, किती वेळ चुकलो ते.

एक गोष्ट मात्र अण्णांची बराच काळ टिकली. हात धरून वेशीबाहेर आणलं की ते टपालाच्या जुन्या फेरीनं न चुकता चालत. मी मागून वही घेऊन. नकाशातल्या दोन-तीन तुटक रेषा मला अशाच त्यांच्या पायांवरून मिळाल्या. सवयीच्या वळणांचा सांभाळ कॉडेट नावाचा वेगळा भाग करतो, हिप्पोकॅम्पस नव्हे. पॅकार्ड आणि मॅकगॉ यांनी 1996 मध्ये उंदरांवर हा फरक दाखवला आहे. पण ओढ्यावर नवा पूल झाला होता आणि जुन्या उतारावर तारेचं कुंपण पडलं होतं. तिथं आले की अण्णा थांबत. पूल वीस पावलांवर, डोळ्यांसमोर. त्यांना तो दिसे, त्यावरून जाणारी माणसंही दिसत. ते खिशात हात घालून उभे राहत, टपाल शोधत असल्यासारखे, आणि थोड्या वेळानं मला विचारत, "आता?"