दर्या आणि दऱ्या

नवा लॅपटॉप घेतला. आधीचा विंडोजवरचा, हा अ‍ॅपलचा. आठवडाभर बोटं जुन्याच जागी जात होती. ती सवय होईल म्हणा. धक्का बसला तो जुने लेख उघडताना. तेव्हा कुठल्याशा फाँटमध्ये टंकलेले. तो फाँट इथे नाही, म्हणून मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा. वडिलांवरचा लेखही त्यातच. नंतरचे युनिकोडमधले लेख मात्र काना-मात्रेसकट शाबूत.

याचं श्रेय चक्क एकमेकींच्या उरावर बसलेल्या कंपन्यांचं. 1988 साली झेरॉक्सच्या जो बेकर यांनी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच संकेतावली सुचवली. अ‍ॅपलचे ली कॉलिन्स आणि मार्क डेव्हिस जोडीला होते. जानेवारी 1991 मध्ये युनिकोड कन्सॉर्शियम स्थापन झालं, त्यात मायक्रोसॉफ्टही होती. आणि गंमत पाहा, 1988 मध्येच अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला होता, तो तेव्हा चालूच होता! कोर्टात भांडायचं आणि इकडे 'क' ला कुठला क्रमांक द्यायचा ते एकत्र ठरवायचं. देवनागरीची मांडणी त्यांनी आपल्याकडच्या 1988 च्या 'इस्की'वरून घेतली.

मराठीला 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे लागतात. युनिकोडमध्ये ते जमतं. माझ्या जुन्या फाँटात जमत नसे. वडील अनमोड घाटातून ट्रक नेत, आणि माझ्या लेखात त्या घाटात दर्या पसरलेला! छापील कात्रण सापडलंय. त्यावरून पुन्हा टंकतोय.