साच्यातील भाऊबंद

खेळण्यांच्या धंद्यात सर्वांत महाग वस्तू कोणती म्हणाल, तर ती खेळणे नव्हे, त्याचा साचा. पोलादाच्या दोन जड ठोकळ्यांत अचूक पोकळी कोरावयाची, वितळलेले प्लास्टिक दाबाखाली तिच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पोचावे म्हणून वाटा काढावयाच्या, निवालेला भाग बाहेर ढकलण्यासाठी आत सळया बसवावयाच्या, आणि एवढा खटाटोप करून पहिला नग हाती येईपर्यंत कारखानदाराने घातलेले भांडवल वसूल व्हावयाचे ते पुढच्या हजारो-लाखो नगांतून. तेव्हा एकदा सिद्ध झालेला साचा जितका राबविता येईल तितका राबवावा, हे या व्यवसायाचे पहिले हिशेबी सूत्र ठरले तर नवल नाही. मोटारीचा यंत्रमानव आणि यंत्रमानवाची पुन्हा मोटार करणाऱ्या ज्या खेळण्यांना जग ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून ओळखते, त्यांचा इतिहास बऱ्याच अंशी या सूत्राचाच इतिहास आहे.

या खेळण्यांची जन्मभूमी जपान. टोकियोच्या ताकारा कंपनीने १९८० साली ‘डायाक्लोन’ ही मालिका काढली आणि १९८३ साली ‘मायक्रोमॅन’ या आपल्या जुन्या मालिकेची ‘मायक्रो चेंज’ ही शाखा सुरू केली. डायाक्लोनमधील वाहने खऱ्या वाहनांच्या लहान प्रतिकृती असत व त्यांत बोटाच्या पेराएवढा चालक बसे. मायक्रो चेंजची कल्पना मात्र अशी की, घरात सहज सापडणाऱ्या वस्तू, म्हणजे कॅसेट, पिस्तूल, कॅमेरा, त्यांच्या मूळ आकारातच यंत्रमानव व्हाव्यात. आता मुलाच्या घरात मूळ आकाराची मोटार कोणती असणार? खेळण्यातलीच! म्हणूनच या शाखेतील चिमुकल्या मोटारी खऱ्या फोक्सवॅगन किंवा पोर्शेसारख्या सडपातळ नाहीत. ताकाराच्याच ‘चोरो-क्यू’ या बुटक्या, फुगीर गालांच्या खेळगाड्यांच्या वळणावर त्या घडविल्या गेल्या. खेळण्याचे खेळणे, असा हा प्रकार आहे, आणि त्या गाड्यांचे बेंगरूळ रूप ज्यांना खटकते त्यांनी ही वंशावळ ध्यानात घ्यावी.

जपानी दुकानात या मोटारींना व्यक्तिमत्त्व नव्हते. तीच गाडी लाल हवी की पिवळी, एवढाच प्रश्न मुलापुढे असे. पुढे हेन्री ओरेनस्टाइन या कल्पक खेळणीकाराच्या मध्यस्थीने ताकारा व अमेरिकेतील हॅस्ब्रो या कंपन्यांत करारमदार झाले, निरनिराळ्या मालिकांतील साचे एका झेंड्याखाली आले, आणि १९८४ साली हा माल अमेरिकेत विक्रीस निघाला. एकाच गाडीचे दोन रंग त्याच मुलाच्या गळ्यात बांधावयाचे, तर रंगाला नाव हवे आणि नावाला स्वभाव हवा. हे काम मार्व्हल या चित्रकथा-प्रकाशन संस्थेकडे गेले. तेथे जिम शूटर यांनी मूळ कथेचा आराखडा केला आणि बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे व चरित्रे बहाल केली. नामकरणाचे हे दफ्तर एकाच माणसाने एवढ्या थोड्या अवधीत निकालात काढावे, याचे मला कौतुक वाटते. निस्सानच्या एकाच मोटारीच्या साच्यातून निघालेली पोलिसगाडी ‘प्राउल’ झाली, रुपेरी गाडी ‘ब्लूस्ट्रीक’ झाली, आणि १९८५ साली शर्यतीचे पट्टे लेवून ‘स्मोकस्क्रीन’ नामक तिसरा भाऊ त्यांच्या पंक्तीला येऊन बसला.

विमानांच्या बाबतीत तर या युक्तीने खरी बहार केली. एफ-१५ जातीच्या एका विमानाचा एकच साचा. पण करड्या अंगावर लाल-निळी छटा असलेला स्टारस्क्रीम आपल्या सरदाराची गादी बळकावण्यास टपलेला, निळा थंडरक्रॅकर आपल्याच पक्षाच्या न्याय्यतेविषयी मनातून साशंक, आणि काळा-जांभळा स्कायवार्प इतरांच्या खोड्या काढण्यात दंग! वेष्टनाच्या पाठीवर प्रत्येकाच्या बळाचा, बुद्धीचा, वेगाचा आलेख लाल रेघोट्यांच्या जाळ्यात दडवून छापलेला असे आणि सोबतची लाल पारदर्शक पट्टी त्यावर धरली की तो वाचता येई. ही पट्टी धरून दोन खेळण्यांचे आलेख ताडून पाहणाऱ्या मुलाला, दोघांचे सांधे आणि बिजागऱ्या तंतोतंत एकच आहेत याची जाणीव असूनही, ते दोघे एक आहेत असे मुळीच वाटत नसे. १९८५ साली त्याच साच्याला निराळे पंख जोडून रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज असे आणखी तिघे त्या पथकात दाखल झाले.

परंतु साच्याची गंमत तपशिलाने पाहावी ती ‘मिनीबॉट’ नावाच्या तळहातात मावणाऱ्या मंडळींत. बाजूंचे हात बाहेर ओढले, पाय लांबविले, डोके वर आणले, की कायापालट पुरा. त्यांतला बंबलबी म्हणजे पिवळी फोक्सवॅगन आणि क्लिफजंपर म्हणजे लाल पोर्शे, हे समीकरण आज सर्वमान्य आहे. पण १९८४ साली लाल बंबलबी आणि पिवळा क्लिफजंपरही दुकानांत राजरोस विकले जात होते. याहून मासलेवाईक गोष्ट म्हणजे, माझदा मोटारीच्या घाटाचा एक तिसराच यंत्रमानव क्लिफजंपरच्या पुठ्ठ्यावर चिकटून ग्राहकांच्या हाती पडला. त्या काळी त्याला अधिकृत नाव नव्हते. संग्राहकांनी त्याला ‘बंबलजंपर’ म्हणावयास सुरुवात केली. माझ्या मते येथे रंग केवळ आवडीचा मानणारी जपानी रीत आणि रंग म्हणजेच व्यक्ती मानणारी अमेरिकन रीत यांची सरमिसळ झाली. कॅसेटमधून निघणाऱ्या रंबल व फ्रेंझी या जुळ्यांचा तंटा तर अद्याप मिटलेला नाही: खेळण्यांत रंबल लाल व फ्रेंझी निळा, आणि दूरदर्शनवरील चित्रमालिकेत नेमके उलट.

१९८६ साली हॅस्ब्रोने जुन्या मिनीबॉटांचे साचे पुन्हा कामाला लावले, मात्र या खेपेस केवळ रंग न पालटता डोकीही नवी बसविली. क्लिफजंपरचा हबकॅप झाला, ब्रॉनचा आउटबॅक, हफरचा पाइप्स, गिअर्सचा स्वर्व्ह आणि विंडचार्जरचा टेलगेट. वडीलधाऱ्याचा अंगरखा उसवून धाकट्यासाठी शिवावा, तसा हा मामला होता, आणि कथेतही या पाचांच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

दोन सख्ख्या नगांची तुलना करणारा जाणकार रंगावर थांबत नाही. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथील बारीक शिवण, सळईने ढकलल्याची वाटोळी खूण, अंगावर उठविलेली मालकीहक्काची अक्षरे, आणि १९८५ पासून चिकटविलेला, बोटाच्या उबेने पक्षचिन्ह दाखविणारा चौकोनी तुकडा, इतके तो निरखतो. साचा झिजत गेला की कडा बोथट होतात व सांध्याशी प्लास्टिकची पातळ झालर सुटू लागते. म्हणून एकाच साच्याचे आधीचे आणि नंतरचे अपत्य शेजारी ठेवले असता त्यांचा अनुक्रम डोळ्यांनी ठरविता येतो.

मिनीबॉटांचा अंमल दक्षिण अमेरिकेतही पसरला. ब्राझीलच्या एस्ट्रेला कंपनीने ते अशा रंगांत काढले की मूळ पात्राची ओळख पटू नये. असाच प्रकार आपल्याकडेही घडला, मात्र यंत्रमानवांच्या नव्हे तर सैनिकांच्या बाबतीत: एम.आर.एफ. व हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ साली स्थापन झालेल्या आणि गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूलने ‘जी. आय. जो’चे सैनिक हॅस्ब्रोच्याच साच्यांतून काढले, आणि त्यांच्या गणवेशाचे रंग अमेरिकन भावंडांशी पुष्कळदा जुळत नाहीत. त्या काळी बेरंग वाटणारे हे नग परदेशी संग्राहक आज हौसेने शोधतात.

उसन्या अंगाच्या त्या पाचांपैकी दोघांचे दैव पुढे अनपेक्षितपणे उघडले. २०१२ साली सुरू झालेल्या एका चित्रकथामालेत जेम्स रॉबर्ट्स या लेखकाने स्वर्व्हला अंतराळयानातील मद्यगृहाचा बडबड्या चालक केले आणि लक्षावधी वर्षांच्या निद्रेतून जागा झालेला भाबडा टेलगेट वाचकांच्या गळ्यातील ताईत झाला. लोकप्रियता वाढताच हॅस्ब्रोने स्वर्व्हसाठी नवा, स्वतंत्र साचा घडविला. आणि त्याच साच्यावर नवे डोके चढवून, रंग पालटून, काही काळाने जे दुसरे खेळणे बाजारात आणले त्याचे नाव गिअर्स.