तेच पार्टिशन, दुसरं मशीन

आकुर्डी-निगडीच्या लोकांना सेक्टर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. 1972 साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि शेतजमिनीवर सेक्टर पडले, प्लॉट पडले. संगणकाच्या डिस्कवरही सेक्टरच असतात, आणि सलग सेक्टरांचा पाडलेला प्लॉट म्हणजे पार्टिशन. कुठला प्लॉट कुठून कुठपर्यंत, ही नोंद जुन्या पीसीत डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये असे. तो सेक्टर 512 बाइटांचा, त्यात या नोंदीला 64 बाइट, आणि खातेदार जास्तीत जास्त चार. सातबाराच म्हणा ना! पीसीवर ही पद्धत 1983 मध्ये आली.

आता या प्लॉटवर आधीच घर बांधलेलं आहे, म्हणजे जुनं विंडोज बसवलेलं आहे. ते न हलवता, दुसऱ्या चालू सिस्टिमच्या पोटात, व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येईल का? ही अलीकडची करामत आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. त्याच 1972 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने व्हीएम/370 जाहीर केलं. यंत्र एकच मोठं, पण वापरणाऱ्या प्रत्येकाला वाटावं की हे माझं स्वतंत्र यंत्र आहे. त्यात प्रत्येकाला ‘मिनीडिस्क’ मिळे, म्हणजे खऱ्या डिस्कवरचे सलग सिलिंडर. यंत्र आभासी, जमीन खरी. अख्खी डिस्क एका फाइलमध्ये ठेवायची रीत रुळली ती पीसीच्या काळात.

1999 मध्ये व्हीएमवेअरने हे साध्या पीसीवर आणलं, तेव्हा लिनक्स आणि विंडोज एकाच डिस्कवर शेजारी ठेवणारे बरेच होते. त्यांच्यासाठी आहे त्या पार्टिशनवरून चालायची सोय सुरुवातीच्या आवृत्त्यांतच होती. पुढे व्हर्च्युअलबॉक्समध्येही आली. युक्ती साधी आहे. एक छोटी फाइल तयार होते, तिच्यात पार्टिशनच्या नोंदीची नक्कल आणि ‘या सेक्टरपासून पुढे खऱ्या डिस्कवर जा’ एवढाच निरोप. शेजारचे प्लॉट आतल्या सिस्टिमला कोरे दिसतात.

आपल्याला याचं काय? सांगतो. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड आलं ते विंडोज 2000 पासून. त्याआधी, आणि नंतरही कितीतरी वर्षं, मराठी छपाई श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांवर चालली. प्रत्येकाचे अक्षरांचे आकडे वेगळे. फॉन्ट नसेल तर अख्खा दिवाळी अंक इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. छापखान्यातला मदरबोर्ड गेला, डिस्क मात्र शाबूत, हे नेहमीचंच. नुसत्या फाइली उचलल्या तर बाइट वाचतात, पान वाचत नाही. फॉन्ट, पानं लावायचं सॉफ्टवेअर, छपाईची मांडणी, सगळं घरासकट लागतं.

पण घर तेच असलं तरी खालचं यंत्र बदललेलं असतं. विंडोज जुना डिस्क कंट्रोलर शोधतं, सापडला नाही की निळा पडदा आणि 7बी हा आकडा. 2001 च्या एक्सपीपासून तर हार्डवेअर फार बदललं की पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागितलं जातं. घट फुटला तरी आकाशाला काही होत नाही, असं वेदान्त सांगतो. इथे घट बदलला की आतलं आकाशच आधी तक्रार करतं! सॉफ्टवेअरला हार्डवेअर लॉक असेल तर तोही आत पोचवावा लागतो.

खरा धोका वेगळाच आहे. तेच पार्टिशन बाहेरच्या सिस्टिमनेही उघडून ठेवलं, तर एका जमिनीचे दोन धनी होतात. दोघांच्याही स्मृतीत आपापला नकाशा, दोघेही लिहितात, आणि फाइल सिस्टिम बसते. भांडणाचा आवाजसुद्धा येत नाही. म्हणून बाहेरून ते आधी सोडवायचं. हायबरनेट करून ठेवलेलं विंडोज तर असं उघडायचंच नाही, आधी नीट बंद करायचं.

आम्ही तर म्हणू, त्याही आधी डिस्कची सेक्टर-न्-सेक्टर नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा आणि मशीनला ती नक्कल द्या. मूळ डिस्क कपाटात. मशीन उठलं की पहिलं काम म्हणजे पानांच्या पीडीएफ काढणं, मग मजकूर युनिकोडमध्ये नेणं. जोडाक्षरं आणि रफार मात्र डोळ्यांनीच तपासावे लागतात.