मातीची पानं सुटी करताना



रास तनुरात राहायचं म्हणजे उठता-बसता तेल. इथली रिफायनरी १९४५ पासूनची. किनाऱ्याने वर जुबैलला गेलं की तेल-वायूपासून प्लॅस्टिकचे दाणे बनतात. मी आता कॉम्प्युटरवाला, पण शिक्षणाने इंजिनिअर. म्हणून या प्लॅस्टिकमध्ये माती मिसळण्याचा इतिहास थोडक्यात लिहितोय.

माती म्हणजे भेसळच की, असं वाटेल. स्वस्त पडावं म्हणून खडूची पूड, शंखजिरं घालायची पद्धत जुनीच आहे. पण १९८० च्या दशकात जपानमध्ये टोयोटाच्या प्रयोगशाळेत ओकादा, उसुकी वगैरे मंडळींनी वेगळंच केलं. मॉन्टमोरिलोनाइट मातीचा कण म्हणजे पानांची चळत, एकेक पान जेमतेम १ नॅनोमीटर जाड. या मातीचं पाण्याशी जमतं, प्लॅस्टिकशी नाही. म्हणून त्यांनी पानांमधले सोडियमचे आयन काढून सेंद्रिय आयन बसवले, फटीत नायलॉनचा कच्चा माल शिरवला आणि तिथेच नायलॉन घडवलं. साखळ्या वाढल्या तशी पानं सुटी झाली.

माती ५ टक्क्यांच्या आतच, पण ताण सोसायची ताकद ६९ वरून १०७ मेगापास्कल, ताठपणा जवळजवळ दुप्पट, आणि भाराखाली मऊ पडायचं तापमान ६५ अंशांवरून १४० च्या पुढे! टोयोटाने त्याचं टायमिंग बेल्टचं कव्हर करून गाडीत बसवलं.

मग हे सगळीकडे का नाही झालं? कारण पॉलिप्रॉपिलीनसारखं स्वस्त प्लॅस्टिक मातीला धरतच नाही. पिठल्यात बेसन नीट कालवलं नाही की गुठळ्या होतात, तसंच. गुठळी राहिली की ताकद वाढणं दूरच, तडा तिथूनच जातो. उपाय म्हणून मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं थोडं पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून घालतात.

इथे आपलं पुणं येतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आशिष लेले आणि सहकाऱ्यांनी अशा वितळलेल्या मिश्रणांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. मध्यस्थ असलेलं मिश्रण वितळूनही घट्ट, घनासारखं वागतं. त्यांच्या मते याचं कारण पानांमध्ये अडकलेल्या साखळ्या नव्हेत, तर पानांचं एकमेकांवरचं घर्षण. पुढे २००२ च्या मॉडेलमध्ये जनरल मोटर्सनेही व्हॅनच्या पायरीसाठी असंच प्लॅस्टिक वापरलं.

तेव्हा ‘नॅनो’ शब्दाला भुलू नका. माती किती घातली यापेक्षा किती सुटी झाली, हे विचारा. प्लॅस्टिकच्या धंद्यातल्या मंडळींनी भर घालावी.